ढाक्याची घटना : सात महिन्यांत तयार

१६ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानी फौजेने शरणागती पत्करली आणि नव्या बांगलादेशापुढे घटनेचा प्रश्न उभा राहिला. वेगळी निवडणूक घ्यायला सवड नव्हती. १९७०च्या निवडणुकीत पूर्व पाकिस्तानातून केंद्रीय आणि प्रांतिक कायदेमंडळांवर निवडून आलेल्यांचीच घटना परिषद बनवण्यात आली. तिची पहिली बैठक १० एप्रिल १९७२ रोजी भरली. कमाल होसेन यांच्या अध्यक्षतेखालील ३४ जणांच्या मसुदा समितीत महिला एकच, रझिया बानू. विरोधी पक्षाचे सदस्यही एकच, सुरंजित सेनगुप्ता. बाकी सारी अवामी लीगच!

४ नोव्हेंबरला मंजूर झालेल्या घटनेची मूळ प्रत हस्तलिखित असून तिच्या सजावटीची धुरा चित्रकार झैनुल आबेदिन यांनी सांभाळली. राष्ट्रवाद, समाजवाद, लोकशाही आणि धर्मनिरपेक्षता ही तिची चार मूलतत्त्वे. संसद एकाच सभागृहाची : ३०० थेट निवडलेल्या जागा, शिवाय महिलांसाठी १५ राखीव. खरी सत्ता पंतप्रधानांकडे, राष्ट्रपती नामधारी. कलम ७०नुसार पक्षाविरुद्ध मत देणाऱ्या खासदाराची जागाच जाई. स्थैर्यासाठीची ही तरतूद खासदारांची तोंडे बंद करणारी ठरली.

सर्व नागरिकांना ‘बंगाली’ ठरवण्यास चितगाव डोंगराळ भागाचे मानवेंद्र नारायण लारमा यांनी विरोध केला आणि सभात्याग केला. बहुमताने त्यांचे ऐकले नाही.

१६ डिसेंबर १९७२ रोजी घटना लागू झाली. जानेवारी १९७५च्या चौथ्या दुरुस्तीने संसदीय पद्धत मोडीत काढली. ती परत यायला १९९१ उजाडले.