पाच किलोमीटरच्या आतलं इंग्रजी

मेलबर्नमध्ये मी परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवते. आमच्या वर्गात मराठी मुलं क्वचितच दिसतात. ती आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देऊन थेट विद्यापीठात जातात. आमच्याकडे येतात ती कोलंबिया, ब्राझील, थायलंड, जपानची. दिवसा वर्ग, संध्याकाळी ऑफिसांची साफसफाई नाहीतर हॉटेलात भांडी घासणं. नियमाप्रमाणे आठवड्याला २० तास समोरासमोर शिकायचं, आणि काम २०२० मध्ये पंधरवड्याला ४० तासांपर्यंत करता यायचं.

कोविडमुळे मार्च २०२० च्या अखेरीस ते २० तास झूमवर गेले. जुलैत शहर दुसऱ्यांदा बंद झालं. २ ऑगस्टपासून रात्री आठ ते पहाटे पाच संचारबंदी, घरापासून पाच किलोमीटरच्या आतच फिरायचं, व्यायामाला दिवसातून एक तास. ट्राम ओळखीची, पण तिच्यात बसून जायचं कुठे?

एक कोलंबियन मुलगी रोज बाथरूममध्ये बसून वर्गाला यायची. खोलीत तिघी राहायच्या, आणि त्यातली एक रात्रपाळीची सफाई करून सकाळी झोपलेली असायची. म्हणून ही कुजबुजत बोलायची. कुजबुजताना आवाजाचा चढउतार जातो, आणि इंग्रजीत नेमका कुठे जोर दिला हे कळलं नाही तर ऐकणाऱ्याला निम्मं वाक्य कळत नाही. तिचं व्याकरण पक्कं होतं. तरी तिचं बोलणं मला दोनदा विचारावं लागे, आणि दुसऱ्यांदा विचारलं की ती आणखी हळू बोले.

श्रवणाचा पाठ आम्हाला व्हिक्टोरिया राज्याच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनीच पुरवला. डॅनियल अँड्र्यूज सलग १२० दिवस पत्रकार परिषद घेत होते, आणि नवे नियम तिथेच कळत. मुलं जिवाचा कान करून ऐकायची, कारण त्यांचं काम, भाडं, बाहेर पडणं त्या वाक्यांवर ठरायचं. आकड्यांचा सराव त्यातूनच निघाला. 'थर्टीन' आणि 'थर्टी' यांत स्वस्त इअरफोनमधून शेवटचा 'न' हमखास गळतो. म्हणून मी शेवट ऐकायला सांगणं सोडलं. जोर पुढे आहे की मागे, तेवढंच ऐकायचं. पुढे असला तर तीस, मागचं अक्षर लांबलं तर तेरा. कॅमेरा बंद करून मी आकडे म्हणायची आणि मुलं बोटांनी दाखवायची. ५ ऑगस्टला राज्यात ७२५ नवे रुग्ण जाहीर झाले, तो आकडा सगळ्यांनी पहिल्याच खेपेला बरोबर लिहिला. त्या दिवशी सराव पुढे चालवावासा वाटला नाही.

पुस्तकातले धडे हळूहळू मागे पडले. व्हिक्टोरिया सरकारने परदेशी विद्यार्थ्यांसाठी ११०० डॉलरपर्यंतची मदत जाहीर केली होती. तिचा अर्ज हाच वाचनाचा पाठ झाला. केंद्र सरकारच्या जॉबकीपर या वेतन-अनुदान योजनेत ही मुलं बसत नव्हती. ज्यांना स्वतःचा खर्च झेपत नाही त्यांनी मायदेशी परतावं, असं पंतप्रधान स्कॉट मॉरिसन एप्रिलमध्ये म्हणाले होते. ती बातमीही वर्गात वाचली. प्रत्येक शब्द समजल्यावरही बराच वेळ कोणी माइक चालू केला नाही.

सगळ्यात अवघड ठरला फोन. समोरच्याचे ओठ दिसत नाहीत, हातवारे चालत नाहीत. भाडं कमी करून मागायला एजंटला फोन करायचा, असा सराव आम्ही घेतला: मी एजंट, ते भाडेकरू. मुलं आधी सगळं लिहून काढायची आणि वाचायची. मी मध्येच प्रश्न टाकला की कागद निकामी. मग कागद बाजूला ठेवून तीनच गोष्टी पक्क्या करायच्या ठरल्या: आपण कोण, किती कमी हवं, कधीपर्यंत. न कळलेलं पुन्हा विचारायचं एक वाक्य मात्र तोंडपाठ. एका थाई मुलाने खरा फोन केला तेव्हा त्याने तेच वाक्य चार वेळा वापरलं. भाडं थोडं उतरलं.

एवढं असूनही हा वर्ग खऱ्या वर्गाच्या बरोबरीचा होता असं मी म्हणणार नाही. बोलण्याची पाळी कुठे जाते ते बघा. झूमवर एका वेळी एकच आवाज चालतो. १५ जणांच्या वर्गात तासभर फक्त मुलंच बोलली, तरी एकाच्या वाट्याला चार मिनिटं. छोट्या गटात पाठवलं तर वेळ वाढतो, पण चूक ऐकायला शिक्षक तिथे नसतो. एरवी याची भरपाई शहर करतं: मधल्या सुट्टीतलं स्वयंपाकघर, कामावरचा मुकादम, कॉफीच्या रांगेतलं बोलणं. ते सगळं बंद होतं, आणि फी मात्र बहुतेकांनी पूर्वीइतकीच भरली. हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

आता घरबसल्या इंग्रजीच्या जाहिराती मराठी पालकांच्या फोनवरही येतात. पैसे भरण्याआधी एवढंच विचारा: वर्गात मुलं किती, आणि प्रत्येकाला शिक्षकासमोर किती मिनिटं बोलायला मिळतं? उत्तर मिनिटांच्या आकड्यात मिळालं नाही, तर तो वर्ग घेऊ नका.