गाडीतला जुना स्टीरिओ बदलण्याआधी



गेल्या कोजागिरीला दुधाचे पेले हातात घेऊन आम्ही चार निवृत्त मंडळी बसलो होतो. विषय निघाला गाडीतल्या गाण्यांचा. एकाच्या गाडीत फक्त सीडी चालते, दुसऱ्याकडे पेन ड्राइव्हची खाच आहे पण ती कशासाठी हे त्यांना ठाऊक नव्हते, तिसऱ्यांना दुकानदाराने बावीस हजारांचा मोठा स्क्रीन गळ्यात मारला आणि आता तो चालवायला नातू लागतो. मी नुकताच या सगळ्यातून गेलो होतो, त्यामुळे बोललो जरा जास्तच. तेव्हा "हे लिहूनच काढा" असे फर्मान निघाले. मी इंजिनिअर नव्हे. पस्तीस वर्षे बँकेत खतावण्या तपासल्या. त्यामुळे हिशेब आधी आणि तंत्र नंतर, या क्रमाने लिहितो.

आमची गरज काय होती

आमची छोटी पेट्रोल गाडी २००९ सालची. पंधरा वर्षे पूर्ण झाली तेव्हा २०२४ मध्ये नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण केले. म्हणजे गाडीवर जो खर्च करायचा तो या पाच वर्षांत वसूल झाला पाहिजे, हे पहिले गणित. कंपनीने बसवलेल्या स्टीरिओत रेडिओ आणि सीडी, एवढेच. सीडी प्लेअर खड्ड्यात अडखळायला लागला होता. वर्षातून एक-दोनदा आम्ही इंदूरहून नाशिकला मेहुणीकडे जातो, अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास. शहर सुटले की एफएम खरखरायला लागतो, आणि सेंधव्याच्या पुढे बिजासन घाटात मोबाईलचे नेटवर्क येते-जाते. म्हणजे इंटरनेटवरून वाजणारी गाणी आमच्या कामाची नाहीत. गाणी गाडीतच साठवलेली हवीत.

शिवाय एक घरगुती कारण होते, ते शेवटी सांगतो.

आधी गाडीत काय आहे ते पाहा

नवीन सेट घेण्यापूर्वी पाच मिनिटे गाडीत बसून तपासणी करा. बऱ्याच जणांचे काम इथेच, फुकटात किंवा थोडक्यात होते.

एक : पेन ड्राइव्हची खाच. ती सेटच्या तोंडावर, गिअरच्या पुढे किंवा हातमोज्याच्या कप्प्यात असते. ती असेल तर काहीच बदलू नका. फक्त गाणी नीट भरायला शिका.

दोन : ऑक्स. हेडफोन लावतो तसे गोल, साडेतीन मिलिमीटरचे भोक. इथून फोन वायरने जोडता येतो. तुमच्या नव्या फोनला हेडफोनचे भोक नसेल तर चार्जिंगच्या तोंडाला लावायची छोटी जोडवायर मिळते. वायर नको असेल तर ऑक्समध्ये खोचायचा छोटा ब्लूटूथ रिसीव्हर येतो. एक त्रास मात्र होऊ शकतो. फोन गाडीतच चार्जिंगला लावला आणि त्याच वेळी ऑक्सलाही जोडला, तर इंजिनाच्या वेगाबरोबर चढउतार होणारी किणकिण ऐकू येते. सेट बिघडलेला नसतो. अर्थिंगचे दोन मार्ग झाल्यामुळे तो आवाज येतो. चार्जर काढून पाहा, आवाज थांबेल. मध्ये बसवायचा 'ग्राउंड लूप आयसोलेटर' नावाचा छोटा डबाही मिळतो.

तीन : एमपीथ्री सीडी. सेटवर 'एमपीथ्री' असे लिहिले असेल तर साध्या सीडीवर ७०० एमबी म्हणजे सुमारे बारा तासांची गाणी मावतात. नेहमीच्या ऑडिओ सीडीवर ती ८० मिनिटेच असतात. सीडी लिहिणारा संगणक घरी असेल तर हाही मार्ग आहे.

चार : यातले काहीच नसेल तर एफएम ट्रान्समीटर. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये लावायचे हे यंत्र गाणे फोनवरून किंवा पेन ड्राइव्हवरून घेते आणि एफएमच्या एखाद्या रिकाम्या जागेवर प्रसारित करते. रेडिओ तिथे लावला की गाणे वाजते. आपल्या रेडिओचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा. शहरात तो भरलेला असतो, त्यामुळे रिकामी जागा शोधावी लागते. प्रवासात धुळे, नाशिक आले की तिथली केंद्रे मध्ये घुसतात आणि जागा पुन्हा बदलावी लागते. मी सहा महिने हेच वापरले. बातम्या आणि व्याख्यानांना ठीक, पण तानपुरा खरखरीत हरवतो.

सेट बदलायचाच तर

सेटच्या तोंडाची दोन मापे प्रचलित आहेत. 'सिंगल डिन' म्हणजे १८० मिलिमीटर रुंद आणि ५० उंच. 'डबल डिन' म्हणजे तेवढीच रुंदी आणि दुप्पट, १०० उंची. सेट काढल्यावर राहणारी फट झाकायला त्या त्या गाडीची प्लॅस्टिकची चौकट मिळते. मला कोटेशन आले ते दोन प्रकारचे. नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीन २२,००० रुपये, आणि ब्लूटूथ, पेन ड्राइव्ह, ऑक्स असलेला साधा सिंगल डिन सेट ३,४०० रुपये. पाच वर्षांवर वाटले तर पहिला वर्षाला ४,४०० आणि दुसरा ६८०. आम्हाला नकाशा फोनवर चालतो, सिनेमा गाडीत पाहायचा नाही. निर्णय सोपा होता.

खोक्यावर '५० वॅट गुणिले ४' असे छापलेले असते, त्याला भुलू नका. तो क्षणभराचा कमाल आकडा असतो. गाडीच्या बॅटरीवर अशा सेटमधून प्रत्येक स्पीकरला सलग मिळणारी ताकद साधारण पंधरा ते बावीस वॅट. आपल्या कानांना ती भरपूर आहे. बँकेतही आपण जाहिरातीतला व्याजदर सोडून करारातला पाहायचो, तसेच हे.

ज्यांची गाडी नवी आहे त्यांनी तर दहादा विचार करावा. आजकाल एसी, रिव्हर्स कॅमेरा, स्टिअरिंगवरची बटणे हे सगळे त्या सेटशी बांधलेले असते. वायर कापलेली आढळली तर वॉरंटीचा दावाही अडचणीत येऊ शकतो.

वायर कापू देऊ नका

आता माझी चूक. पहिल्या दुकानातल्या पोराने सेट बाहेर ओढला आणि कटर काढला. "साहब, दस मिनट का काम है." त्याने कंपनीचा प्लग कापला, तारा एकमेकींना पीळ देऊन जोडल्या, वर काळी टेप गुंडाळली. गाणे वाजले, मी खूश. ३०० रुपये देऊन घरी आलो.

पंधरा दिवसांत दोनदा सकाळी बॅटरी बसलेली. मे महिन्यात टेपचा डिंक वितळला, तारा उघड्या पडल्या, आणि एके दुपारी डॅशबोर्डातून जळका वास येऊन फ्यूज उडाला. फ्यूज होता म्हणून तेवढ्यावर निभावले.

नंतरच्या इलेक्ट्रिशियनने मला तारा समजावून सांगितल्या, त्या तुम्हीही लक्षात ठेवा. बाजारातल्या बहुतेक सेटना पिवळी तार कायम बारा व्होल्टची असते, तिच्यावर घड्याळ आणि लावलेली केंद्रे लक्षात राहतात. लाल तारेत किल्ली फिरवल्यावरच वीज येते. काळी अर्थिंगची. पांढरी आणि करडी पुढच्या स्पीकरची, हिरवी आणि जांभळी मागच्या. पट्टा असलेली तार म्हणजे त्याच स्पीकरची ऋण बाजू. माझ्या गाडीत लाल आणि पिवळी एकत्र करून कायम विजेवर जोडली होती, त्यामुळे किल्ली काढल्यावरही सेट वीज खात होता. पिवळी-लाल उलटसुलट झाल्या तर गाडी बंद करताच सगळी सेटिंग पुसली जातात. आणि स्पीकरची ऋण तार कधीही गाडीच्या पत्र्याला जोडायची नसते, सेट जळू शकतो.

खरा उपाय म्हणजे कपलर. एका बाजूला तुमच्या गाडीचा प्लग बसतो, दुसऱ्या बाजूला नव्या सेटचा. गाडीची एकही तार कापावी लागत नाही आणि उद्या जुना सेट परत बसवता येतो. सुदैवाने जुना सेट आणि कापलेला प्लग मी पिशवीत जपून ठेवला होता. त्या भल्या माणसाने तो सोल्डर करून, वर उष्णतेने आक्रसणारी नळी चढवून परत जोडला आणि मग कपलर लावला.

हिशेब असा : सेट ३,४००, पहिली जोडणी ३००, कपलर आणि चौकट ६००, दुरुस्ती व दुसरी जोडणी ७००. एकूण ५,००० रुपये. कपलर आधीच मागितला असता तर सहा-सातशे रुपये आणि दोन सकाळचे धक्के वाचले असते. तेव्हा दुकानात पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका, "आमच्या गाडीचा कपलर आहे का?" हा विचारा. नसेल तर पुढचे दुकान. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार काढायला सांगा. मात्र काही गाड्यांचा मूळ सेट वीज गेल्यावर सांकेतिक क्रमांक मागतो, तो आधी गाडीच्या पुस्तिकेत शोधून ठेवा.

पेन ड्राइव्ह भरताना

१६ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरे. पाच मिनिटांचे गाणे १२८ दर्जाच्या एमपीथ्रीत साधारण ५ एमबीचे होते, ३२० दर्जात १२ एमबीचे. म्हणजे सुमारे तीन हजार किंवा साडेबाराशे गाणी. शास्त्रीय संगीताला ३२०, भाषणांना १२८ असे मी ठेवले आहे.

पेन ड्राइव्ह 'फॅट-३२' पद्धतीने फॉरमॅट करा, बऱ्याच साध्या सेटना दुसरी पद्धत वाचता येत नाही. फॉरमॅट केल्यावर आतले सगळे पुसले जाते, हे विसरू नका. फोल्डरची नावे देवनागरीत दिली तर माझ्या सेटवर नुसते चौकोन दिसतात, म्हणून रोमन लिपीत आणि आधी क्रमांक घालून लिहितो. पैसे भरून घेतलेल्या ॲपमधली 'डाउनलोड' केलेली गाणी पेन ड्राइव्हवर वाजत नाहीत, ती त्या ॲपमध्येच राहतात. त्यासाठी विकत घेतलेली फाइल किंवा स्वतःच्या सीडीची प्रत हवी.

आणि गाडी चालवताना फोनला हात लावू नका. तो गुन्हा तर आहेच, पण गाणे बदलण्याच्या त्या दोन सेकंदांत गाडी बरीच पुढे गेलेली असते. आमच्याकडे गाणी निवडण्याचे खाते सौ.कडे आहे.

ते घरगुती कारण

माझ्या सासूबाईंनी १९८७ साली मुलींच्या आग्रहावरून एक साठ मिनिटांची कॅसेट भरून दिली होती. पहाटेच्या ओव्या, मंगळागौरीची गाणी, मध्येच कुकरची शिट्टी. त्या जाऊन आता अठरा वर्षे झाली. कॅसेट कपाटात होती, पण घरातला टेपरेकॉर्डर केव्हाच बंद पडला होता.

एका स्नेह्यांकडून चालू डेक आणला. प्रथम कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही छोटे तुकडे मोडले, म्हणजे चुकूनही त्यावर रेकॉर्डिंग होणार नाही. चिकटलेली फीत सुटावी म्हणून ती एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवली. डेकच्या 'लाइन आउट'मधून वायर संगणकाच्या 'लाइन इन'मध्ये लावली आणि 'ऑडॅसिटी' या मोफत सॉफ्टवेअरने ध्वनिमुद्रण केले. याला घाई चालत नाही, साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटेच लागतात. मूळ प्रत 'वेव्ह' स्वरूपात ठेवली, ती मिनिटाला सुमारे १० एमबी जागा घेते. मग गाडीसाठी एमपीथ्री केली. दुसऱ्या बाजूची शेवटची चार मिनिटे मात्र फीत खराब होऊन गेली होती, ती परत मिळाली नाहीत.

नाशिकच्या वाटेवर घाट उतरताना ती लावली. सौ. काही बोलली नाही. शिरपूर आल्यावर म्हणाली, "अहो, पुन्हा पहिल्यापासून लावायची का?" परत येताना मेहुणीसाठी एक पेन ड्राइव्ह तिथे ठेवून आलो.

तेव्हा मंडळी, सेट आज घ्या, दिवाळीला घ्या किंवा घेऊ नका, तो बाजारात कायम मिळेल. पण कपाटात अशी एखादी कॅसेट असेल तर ती आधी उतरवून घ्या, तिची फीत दरवर्षी थोडी थोडी जात असते. डेक अजून माझ्याकडेच आहे. स्नेह्यांची परवानगी घेतली आहे, रविवारी दुपारी कॅसेट घेऊन घरी या. साठ मिनिटे लागतात, चहा होईल.