कारखान्यांच्या आधी नागसेनवन

आपले शहर, पूर्वीचे औरंगाबाद, बाहेरगावी ओळखले जाते ते कारखान्यांमुळे. आधी चिकलठाणा, मग वाळूज. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि मराठवाड्यातील खेड्यांतून रोजगारासाठी आलेल्या कुटुंबांनी इथे संसार मांडले. पाळीचा भोंगा हेच घराचे घड्याळ झाले.

पण या कारखान्यांच्या कितीतरी आधी, १९५० साली, बाबासाहेबांनी इथे महाविद्यालय उघडले. तेव्हा हा भाग हैदराबाद राज्यात होता. प्रश्न विचारणारा ग्रीक राजा मिलिंद, उत्तरे देणारे भदंत नागसेन. एकाचे नाव महाविद्यालयाला मिळाले, दुसऱ्याचे परिसराला. विद्यार्थ्याने प्रश्न विचारावा, हाच त्या नावांचा अर्थ.

पुढे विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ साली झाला, नामविस्तार मात्र १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या सोळा वर्षांत वस्त्या जळाल्या, माणसे गेली. म्हणूनच दरवर्षी त्या दिवशी कामगार कुटुंबे मुलाबाळांसह विद्यापीठाच्या गेटवर अभिवादनाला जमतात.

बंधू-भगिनींनो, कंत्राटी काम आज आहे, उद्या नाही. गेटवर मुलीला खांद्यावर घेऊन जाणे चांगलेच. पण त्याच गेटातून तिने आत शिकायला जावे, यासाठी पगाराच्या दिवशी पहिला आकडा तिच्या फीचा लिहा.