एक इंच उंचीची अक्षरे

टेक्सस राज्याच्या दंडसंहितेतील ३०.०६ हे कलम तेथील दुकानदारांच्या बोलण्यात नुसत्या आकड्याने वावरते. ‘थर्टी ओ सिक्स लावली का?’ एवढे विचारले की पुढचे काही सांगावे लागत नाही. कपड्याआड पिस्तूल बाळगण्याचा परवाना ज्याच्यापाशी आहे अशा इसमास आपल्या जागेत मज्जाव करावयाचा असेल, तर तो मज्जाव कोणत्या रूपाने जाहीर करावा याचा तपशील या कलमात आहे. मजकूर कायद्याने नेमून दिलेला असावा, तो इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत असावा, अक्षरे ठसठशीत व निदान एक इंच उंचीची असावीत, त्यांचा रंग पार्श्वभूमीहून स्पष्ट निराळा असावा आणि पाटी येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेत भरेल अशा ठिकाणी असावी. उघडपणे कमरेस लावलेल्या पिस्तुलासाठी २०१६ पासून ३०.०७ हे स्वतंत्र कलम असून त्याची पाटी प्रत्येक प्रवेशद्वारावर लावावी लागते.

डॅलसच्या उत्तरेकडील एका उपनगरात किराणा मालाचे दुकान चालविणाऱ्या माझ्या एका तरुण मराठी स्नेह्याच्या दारावर यांपैकी काहीच धड नव्हते. पिस्तुलाच्या चित्रावर तांबडी तिरपी रेघ मारलेले, तळहाताएवढे एक चित्र काचेच्या कोपऱ्यात चिकटविलेले होते, आणि त्याच्या वर पूर्वीच्या भाडेकरूने लावून ठेवलेली पांढऱ्या अक्षरांची जुनी पाटी होती. नियमाने येणाऱ्या एका गिऱ्हाइकाने, जो स्वतः परवानाधारक होता, ‘या दोहोंपैकी एकही मला लागू होत नाही’ असे सौजन्याने सांगितले, तेव्हा माझा स्नेही अस्वस्थ झाला. ‘काका, चित्र तर लहान मुलालाही कळते, मग ते कायद्याला का पुरू नये?’ हा त्याचा प्रश्न मला रास्त वाटला, आणि पाट्या बनविणारा कारागीर तपासणीस आला त्या दुपारी मी मुद्दाम तेथे जाऊन बसलो.

मेक्सिकोतून आलेल्या कुटुंबातील त्या वयस्क कारागिराने चित्राकडे पाहिलेही नाही. खिशातील पोलादी पट्टी काढून त्याने ती जुन्या पाटीवरील एकेका अक्षराशी टेकविली: वाक्यारंभीचे मोठे अक्षर बरोबर एक इंच, त्यामागून येणारी लहान लिपीतील अक्षरे जेमतेम पाऊण इंच. मग त्याने मजकूर बोट फिरवीत वाचला आणि कंसातील कायद्याच्या नावापाशी थांबला, कारण तेथे २०१६ पूर्वीची शब्दयोजना होती. कायद्याने नेमलेला मजकूर त्या वर्षापासून बदलला आहे. शेवटी तो बाहेर जाऊन मोटारी उभ्या करण्याच्या आवारातून चालत दाराशी आला. काचेमागे बासमतीच्या पांढऱ्या पोत्यांची थप्पी रचलेली होती आणि तिच्यावर ती पांढरी अक्षरे, दार हातभर अंतरावर येईपर्यंत, दिसतच नव्हती.

या काटेकोरपणाला कोणी हटवादीपणा म्हणेल. मी म्हणणार नाही. परवानाधारकाने राज्याच्या अधिकाऱ्यांकडून आपली पूर्वचौकशी करवून घेतलेली असते, आणि त्याच राज्याने एका उंबरठ्यापलीकडे त्याला गुन्हेगार ठरवावयाचे, तर तो उंबरठा त्यास निःसंदिग्धपणे दिसला होता असे न्यायासनापुढे सिद्ध करता आले पाहिजे. नियमाप्रमाणे लावलेली पाटी ओलांडल्यास २०० डॉलरपर्यंत दंड होतो. तोंडी बजावल्यावरही जो हटत नाही त्याचा अपराध मात्र वरच्या श्रेणीत जातो आणि त्यास एक वर्षापर्यंत कैद व ४,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

या तरतुदींच्या मुळाशी एक दारुण घटना आहे. १६ ऑक्टोबर १९९१ रोजी किलीन गावातील लूबीज या उपाहारगृहात एका बंदूकधाऱ्याने २३ जणांचे प्राण घेतले. सुझाना हप या बाईंचे आईवडील तेथे मारले गेले, आणि तत्कालीन कायद्याच्या धाकाने बाईंचे स्वतःचे पिस्तूल बाहेर मोटारीत ठेवलेले होते. शस्त्र बाळगण्याच्या हक्काच्या बाजूने त्यांनी पुढे ठिकठिकाणी साक्ष दिली. १९९५ साली परवान्याचा कायदा संमत झाला, आणि १९९७ साली मालकांच्या हक्कासाठी ३०.०६ आले. दुसऱ्या बाजूची वेदनाही तितकीच खरी आहे. ३ ऑगस्ट २०१९ रोजी एल पासोच्या वॉलमार्टमध्ये झालेल्या गोळीबारात २३ माणसे गेली, आणि पुढच्याच महिन्यात त्या कंपनीने, उघड शस्त्र बाळगण्यास मुभा असलेल्या राज्यांत, गिऱ्हाइकांनी दुकानात तसे येऊ नये अशी विनंती केली. विनंती आणि मनाई यांतील अंतर अशा वेळी मोठे असते, आणि माझ्या मते सर्वांत घातक ती अर्धवट पाटी, जी पाहून आतली गृहिणी निर्धास्त होते आणि जी वाचून परवानाधारक निर्वेधपणे आत येतो. मज्जाव करावयाचा तर पुरता करावा, अन्यथा काच मोकळी ठेवावी.

माझ्या स्नेह्याने पुरता करावयाचे ठरविले. त्याचा बोजा लहान दुकानदारावर फार पडतो, हे मान्य केले पाहिजे: दोन भाषांतील तो दीर्घ मजकूर एक इंची अक्षरांत मांडला की दाराशेजारची बरीचशी काच व्यापून जाते, आणि सणासुदीच्या मालाच्या जाहिराती लावावयास जागा उरत नाही. त्यातून १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षे पूर्ण केलेल्या बहुतेकांस परवान्यावाचूनही पिस्तूल बाळगता येत असल्याने त्यांच्यासाठी ३०.०५ चा निराळा मजकूर आला. कारागिराने सगळी अक्षरे मोठ्या लिपीत घेतली, काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी, म्हणजे मागे काय रचले आहे याची फिकीर नको; आणि पाट्या सरकत्या दारावर न लावता बाजूच्या स्थिर काचेवर लावल्या, कारण दार सरकून उघडताच त्यावरची पाटी दुसऱ्या काचेआड जाते.

गोदामाकडील दारानेही काही गिऱ्हाइके येतात, म्हणून ३०.०७ ची दुसरी प्रत तेथे लागली. गल्ल्यावरील मुलांना मालकाने एवढेच शिकविले, की कोणाचे शस्त्र दिसले तर शांतपणे बाहेर जाण्यास सांगावे. सांगताच जो निघून जातो त्याला २०१९ च्या दुरुस्तीने कायदेशीर बचाव दिलेला आहे, तेव्हा त्याच्याशी हुज्जत घालू नये, आणि जो जात नाही त्याच्यासाठी पोलिसांस फोन करावा.