इटलीच्या कण्यावरची तीन शिखरं

आपल्याकडून युरोपला जाणाऱ्या सहलींत इटलीच्या वाट्याला तीन-चार दिवस येतात. रोम, फ्लॉरेन्स, पिसाचा कलता मनोरा, व्हेनिस. डोंगर बघायचे ते पुढे स्वित्झर्लंडमध्ये, असा एकूण हिशेब. रोमहून फ्लॉरेन्सकडे निघालेल्या बसच्या उजव्या खिडकीतून एक डोंगररांग बराच वेळ सोबत करत असते, पण तिच्याकडे बघायला सवड कुणाला असते? ती रांग म्हणजे आपेनाइन. उत्तरेकडून निघून थेट दक्षिण टोकापर्यंत सुमारे १२०० किलोमीटर गेलेला हा इटलीचा कणा. या देशाची जेमतेम २३ टक्के जमीन सपाट आहे. उरलेले सगळे डोंगर नाही तर टेकड्या.

आल्प्स भव्य आहेत, यात वाद नाही. पण इटलीची गावं, तिथलं अन्न, तिथले संत आणि तिथले भूकंप समजून घ्यायचे असतील, तर आपेनाइनच चढायला हवा. इथे शिखर आणि त्याखालचं गाव वेगळं काढता येत नाही. सोपं, मध्यम आणि अवघड अशी तीन शिखरं घेतली, तरी हे लक्षात येतं.

समुद्रातून वर आलेले डोंगर

मध्य इटलीतले हे डोंगर मुख्यतः चुनखडीचे आहेत. एके काळी हा समुद्राचा तळ होता. तिथे कोट्यवधी वर्षं साचलेल्या गाळाचा खडक झाला आणि आफ्रिकेची व युरोपची भूमी एकमेकींना रेटू लागल्यावर त्याला घड्या पडून तो वर आला. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला इथे एक फरक पहिल्याच दिवशी जाणवतो. आपल्या बेसॉल्टमध्ये टाकी खोदली की पाणी टिकतं, म्हणून गडमाथ्यावर माणसं राहू शकली. चुनखडी पाणी पिऊन टाकते. पाऊस भेगांतून आत मुरतो आणि पायथ्याशी झरा होऊन बाहेर येतो. त्यामुळे माथा कोरडा आणि गाव खाली. पाणी पाठीवर घेऊनच निघावं लागतं.

अलीकडच्या भूशास्त्रीय काळात हाच पट्टा उलट ताणला जातो आहे. त्या ताणाने डोंगरांच्या मधली जमीन खचते आणि तिथे सपाट खोलगट मैदानं तयार होतात. प्रत्येक खचण्याची किंमत मात्र भूकंपाने वसूल होते. २००९ साली लाक्विला आणि २०१६ साली आमात्रिचे या गावांनी ती मोजली.

सुबासिओ : संताचा डोंगर

उंब्रिया प्रांतातला मोंते सुबासिओ अवघा १२९० मीटरचा. त्याच्या उतारावर असिसी वसलेलं आहे आणि असिसीच्या घरांचा, चर्चचा फिकट गुलाबी दगड याच डोंगराचा. संत फ्रान्सिस याच गावचे. गावापासून चारेक किलोमीटर चढून गेलं की ओकच्या दाट झाडीत एरेमो देल्ले कार्चेरी हा छोटा मठ लागतो. फ्रान्सिस आणि त्यांचे सोबती एकांतासाठी इथल्या गुहांत येऊन राहत. बहुतेक यात्रेकरू इथूनच परततात.

खरी मजा त्यापुढे आहे. झाडी संपते आणि गोलसर, गवताळ माथा सुरू होतो. मध्येच जमिनीत मोठमोठे वाटीसारखे खड्डे दिसतात. चुनखडी आतून विरघळून वरची जमीन खाली बसली, त्याच्या या खुणा. आजूबाजूला घोडे आणि गुरं मोकळी चरत असतात. चढ कुठेही अंगावर येत नाही. शाळकरी मुलांना घेऊनही हे शिखर करता येतं.

व्हेत्तोरे : मसूर आणि भूकंप

सिबिल्लिनी पर्वतातला मोंते व्हेत्तोरे २४७६ मीटर उंच. फोर्का दी प्रेस्ता या खिंडीतून निघालं की साधारण साडेनऊशे मीटरची सरळ चढण. एका बाजूला खाली पियानो ग्रांदे हे प्रचंड सपाट मैदान आणि त्याच्या काठच्या टेकडीवर कास्तेल्लुच्चो हे गाव. मैदानात मसूर पिकतो. दाणा बारीक, साल इतकी पातळ की भिजत घालायची गरज नाही. मे अखेर ते जुलै या काळात याच शेतांत पॉपी, कॉर्नफ्लॉवर आणि मोहरीवर्गी फुलं एकदम उमलतात. लाल, निळे, पिवळे पट्टे बघायला इतकी गर्दी लोटते की गाड्यांवर निर्बंध घालावे लागतात.

पण व्हेत्तोरेवर नजर टाकली की आणखी एक पट्टा दिसतो. गवताळ उतारावर आडवी गेलेली, खडकाची फिकट, ताजी उघडी पडलेली रेघ. ३० ऑक्टोबर २०१६ रोजी ६.५ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा डोंगराची ही बाजू काही ठिकाणी दीड-दोन मीटर खाली सरकली. त्याच धक्क्यात कास्तेल्लुच्चो जवळपास सगळं कोसळलं आणि शेजारच्या नोर्चा गावातलं संत बेनेडिक्टचं बॅसिलिका बहुतांश ढासळलं. पाठ्यपुस्तकात प्रस्तरभंगाची आकृती असते; इथे तो प्रत्यक्ष दिसतो. जे मैदान मसूर पिकवतं, ते याच खचण्यातून तयार झालं, हे लक्षात आलं की या गावांचा चिवटपणाही समजतो.

शिखराच्या कुशीत पिलातो नावाचं तळं आहे. येशूला शिक्षा सुनावणाऱ्या पिलातचं प्रेत इथे बुडालं, अशी दंतकथा. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे या तळ्यातला इवलासा लालसर कवचधारी जीव, जो जगात दुसरीकडे आढळत नाही. त्याची अंडी काठच्या खड्यांतही असतात, म्हणून पाण्याच्या कडेला जायला मनाई आहे. अलीकडच्या कोरड्या उन्हाळ्यांत हे तळं आटूनही गेलं आहे.

कॉर्नो ग्रांदे : सर्वांत उंच

अब्रुत्सो प्रांतातल्या ग्रान सास्सो पर्वताचं कॉर्नो ग्रांदे, २९१२ मीटर, हे आपेनाइनचं सर्वोच्च शिखर. १५७३ साली फ्रान्चेस्को दे मार्की या लष्करी अभियंत्याने सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना ते सर केलं आणि त्याचा वृत्तांत लिहून ठेवला. वाट दाखवायला पायथ्याच्या आस्सेर्जी गावचा शिकारी होता. गावकरी ज्या शामोआ नावाच्या रानबकऱ्यांमागे या कड्यांत फिरत, त्या पुढे शिकारीमुळे इथून नाहीशा झाल्या. १९९२ पासून त्या पुन्हा आणून सोडल्या गेल्या आणि आज सहज दिसतात.

रोपवेने २१३० मीटरवरच्या कांपो इंपेरातोरेला पोचता येतं. इथल्या हॉटेलात १९४३ साली मुसोलिनीला कैदेत ठेवलं होतं आणि जर्मन सैनिकांनी ग्लायडरमधून उतरून त्याला सोडवलं होतं. तिथून शिखरापर्यंतची चढण सुमारे आठशे मीटरची, पण शेवटचा टप्पा घसाऱ्याचा आणि हात टेकवून चढायच्या खडकाचा. उत्तर बाजूला काल्देरोनेची हिमनदी. ती आक्रसत गेली आणि २००० साली तिचे दोन तुकडे झाले. याच पर्वताच्या पोटातून महामार्गाचा दहा किलोमीटरचा बोगदा जातो आणि बोगद्यालगत भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा आहे. डोक्यावरचा १४०० मीटर खडक अवकाशातून येणारे किरण अडवतो, म्हणून शास्त्रज्ञांनी ही जागा निवडली.

वाट कशी वाचायची

इटलीत डोंगरवाटांची निगा प्रामुख्याने इटालियन अल्पाइन क्लब राखतो. क्विंतिनो सेल्ला यांच्या पुढाकाराने तो १८६३ साली तुरिनमध्ये स्थापन झाला. खडकांवर, झाडांवर लाल-पांढरा पट्टा आणि वाटेचा क्रमांक रंगवलेला असतो. फलकावर टी असेल तर वाट सोपी, ई म्हणजे सरावलेल्या चालणाऱ्यांची, ईई म्हणजे अनुभवींची आणि ईईए म्हणजे दोर-हेल्मेटची. कॉर्नो ग्रांदेची नेहमीची वाट ईई आहे. राजगड-हरिश्चंद्रगड केले म्हणून ती हलक्यात घेऊ नये. उंच शिखरांवर जूनपर्यंत बर्फ असतो आणि उन्हाळ्यात दुपारी विजा कडाडतात. पहाटे निघून दुपारच्या आत खाली यावं. वाटेत मेंढ्यांचा कळप दिसला तर लांबून वळसा घालावा. राखणीचे पांढरे, दांडगे कुत्रे कळपात शिरलेल्याची गय करत नाहीत. अडचणीत ११२ हा क्रमांक लावावा.

मोंतोनेचं सूर्यघड्याळ

या डोंगरांशी मराठी माणसाचं एक नातं आहे, आणि ते सहलीतून आलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात, जून १९४४ मध्ये रोम दोस्त राष्ट्रांच्या हाती पडल्यावर जर्मन फौजा एकेक टेकडी लढवत उत्तरेकडे मागे हटत होत्या. तैबर नदीच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी दोस्तांच्या बाजूने लढणाऱ्या ब्रिटिश हिंदी सैन्यातल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. सोबतचे सगळे पडले. घाडगे एकटे पुढे धावले, ग्रेनेड टाकून त्यांनी ती गन बंद पाडली आणि काडतुसं बदलायला वेळ नसल्याने बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्यांशी झुंजले. त्यानंतर शत्रूच्या गोळीने ते गेले. माणगाव तालुक्यातल्या पळसगावच्या या जवानाला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ साली उंब्रियातल्या मोंतोने या डोंगरी गावाने त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं.

म्हणून इटलीचा कार्यक्रम आखताना एक शहर कमी करा आणि तीन दिवस या कण्यासाठी राखा. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी जूनच्या शेवटी सुबासिओ आणि कास्तेल्लुच्चो करावं. व्हेत्तोरे पायांचा अंदाज घेऊन, आणि कॉर्नो ग्रांदे फक्त सराव असेल तर, तेही जुलै ते सप्टेंबरमध्येच. मोंतोने असिसीहून गाडीने तासाभराच्या वाटेवर आहे. मराठी माणसाने ते वगळू नये.