फ्यूज आहे, म्हणून बोर्ड सुरक्षित?

सीएनसी राउटर किंवा मोठा थ्रीडी प्रिंटर बांधणाऱ्यांमध्ये एक समजूत घट्ट बसली आहे: मोशन कंट्रोलर बोर्डाच्या आधी योग्य अँपिअरचा फ्यूज टाकला, की बोर्डाची काळजी मिटली. फ्यूज हवाच, पण तो वाचवतो वायरला. शॉर्ट झाल्यावर वायर तापून आग लागू नये, हे त्याचं काम. गाड्यांमध्ये असतो तो चपटा ब्लेड फ्यूज पाहा. 10 अँपिअरच्या फ्यूजमधून 20 अँपिअर वाहू लागले, तर तो उडायला 5 सेकंदांपर्यंत वेळ घेऊ शकतो, 13.5 अँपिअरला 10 मिनिटंही तग धरू शकतो. ड्रायव्हर चिप त्याच्या कितीतरी आधी जाते. शिवाय ती अनेकदा जास्त करंटने नव्हे, तर जास्त व्होल्टेजने जाते, आणि व्होल्टेज वाढलेलं फ्यूजला कळतच नाही.

एसएमपीएस नेमके 24 व्होल्ट देत असताना हे जादा व्होल्टेज येतं कुठून? एक वाट चालू सप्लायला बोर्ड जोडतानाची: लांब वायर आणि बोर्डावर फक्त सिरॅमिक कपॅसिटर असतील, तर क्षणभर जवळजवळ दुप्पट व्होल्टेज उसळू शकतं. ड्रायव्हरजवळ मोठा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लावतात तो यासाठीच. दुसरी वाट अधिक दुर्लक्षित आहे, ती मोटरची. वेगातला ॲक्सिस थांबवताना मोटर जनित्र बनते आणि वीज सप्लायकडे परत ढकलते. साधा एसएमपीएस ती घेऊ शकत नाही, म्हणून ती कपॅसिटरांमध्ये साठत जाते. 5 किलोची गॅन्ट्री सेकंदाला 1 मीटर वेगाने जात असेल, तर तिच्यात 2.5 ज्यूल ऊर्जा असते. निम्मी घर्षणात आणि वाइंडिंग तापण्यात गेली असं धरू. तरी उरलेली ऊर्जा 1000 मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरला 24 वरून सुमारे 55 व्होल्टपर्यंत चढवते. ए4988 ड्रायव्हरची मर्यादा 35 व्होल्ट आहे, टीएमसी2209 ची तर 29.

यावर आक्षेप येतो, की लहान यंत्रांत असं काही होताना दिसत नाही. तो बऱ्याच अंशी खरा आहे: साध्या लीडस्क्रूच्या घर्षणात जवळपास सगळी ऊर्जा जिरते, आणि एसएमपीएसमधले कपॅसिटरही भार वाटून घेतात. पण बेल्टवर धावणारी जड गॅन्ट्री, बॉलस्क्रू किंवा सर्व्हो आला, की हा आधार पुरत नाही. उलट्या पोलॅरिटीपासून बचाव म्हणून सप्लायच्या वायरीत डायोड टाकला, तर एसएमपीएसचे ते कपॅसिटरही परतीच्या विजेला बंद होतात. एक संरक्षण दुसऱ्याच्या मुळावर उठतं. इमर्जन्सी स्टॉपने डीसी बाजू तोडली तरी तेच होतं, आणि तेही मोटर पूर्ण वेगात असताना.

‘टीव्हीएस डायोड लावला की झालं’ हाही असाच अर्धवट दिलासा. एसएमबीजे24ए हा नेहमीचा डायोड त्याच्या कमाल करंटला 38.9 व्होल्टवर आवर घालतो, म्हणजे ए4988 ची मर्यादा तोवर ओलांडलेली असते. त्याचं 600 वॉटचं रेटिंगही मिलिसेकंदभराच्या धक्क्यासाठी आहे; ऊर्जेत मोजलं तर एका ज्यूलच्याही आत. क्षणिक उसळीला तो ठीक, ब्रेकिंगला अपुरा. तिथे ठराविक व्होल्टेजला आपोआप जोडला जाणारा ब्रेकिंग रेझिस्टर लागतो, आणि तो डायोडच्या व स्टॉपच्या संपर्काच्या पलीकडे, ड्रायव्हरच्या बाजूलाच बसवावा लागतो.