वाफेतून घडणारी काच

खिडकीची काच समोरून पाहिली तर आरपार दिसते, तीच कडेने पाहिली की हिरवट. वाळूतून आलेलं लोखंड त्या काचेत मुरलेलं असतं आणि लांबच्या प्रवासात तेच प्रकाश गिळून टाकतं.

१९६०च्या दशकातल्या काचतंतूंत साधारण २० मीटरवर १ टक्काच प्रकाश उरे. पोटात डोकावणाऱ्या डॉक्टरांना तेवढं पुरत होतं, टेलिफोनला नाही. १९६६मध्ये इंग्लंडमधल्या हार्लो इथे चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी मांडलं, की दोष काचेचा नाही, तिच्यातल्या भेसळीचा आहे. किलोमीटरभर जाऊन १ टक्का प्रकाश उरला, तरी काम भागेल. १९७०मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत मॉरर, केक आणि शुल्ट्झ यांनी हा पल्ला ओलांडला.

हे साधलं ते वाळू वितळवून नव्हे, आणि मला सर्वांत मोठं कौतुक याच युक्तीचं वाटतं. सिलिकॉन टेट्राक्लोराइड हा द्रव ५८ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतो. लोखंडाच्या क्लोराइडला ३०० अंशांहून जास्त उष्णता लागते. साहजिकच वाफ वर जाते, लोखंड भांड्यात राहतं. ही वाफ आणि ऑक्सिजन फिरत्या क्वार्ट्‌झच्या नळीत सोडतात, बाहेरून ज्योत फिरवतात. आत पांढरी काजळी धरते, वितळते आणि थरावर थर काच चढते. शेवटच्या थरांत, म्हणजे पुढे तंतूचा गाभा होणाऱ्या भागात, जर्मेनियम मिसळतात, म्हणजे प्रकाश गाभ्यातून बाहेर निसटत नाही. मग नळी तापवून मिटवली की भरीव सळई तयार.

ही सळई उंच मनोऱ्यात टांगून सुमारे २००० अंशांवर तापवतात. खाली ओघळतो तो १२५ मायक्रॉनचा, केसाहून जरासा जाड तंतू. कशालाही टेकण्याआधी त्यावर प्लास्टिकचा लेप बसलाच पाहिजे. बारीकसा ओरखडाही पुढे तंतू तोडतो. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा आणि वाळूज इथेही हे काम चालतं.

आजच्या तंतूत १ टक्का प्रकाश उरायला तब्बल १०० किलोमीटर जावं लागतं. आता जो तोटा होतो तो मुख्यतः भेसळीमुळे नाही, तर काच थिजताना तिच्यात राहिलेल्या सूक्ष्म असमानतेमुळे. तिथे प्रकाश विखुरतो. म्हणूनच संशोधक आता पोकळ गाभ्याच्या तंतूंकडे वळले आहेत. त्यांत प्रकाश हवेतून धावतो, काच फक्त भोवती असते.